परक्या हाताची खूण

थांबला कोण?

कमलाकर. आणखी कोण थांबणार?

मुंबईहून पणजीला सायकलनं निघालेली सहाजणांची टोळी महाडचा चहा पिऊन पोलादपूरच्या रस्त्याला लागली होती. साल बासष्ट, शिमग्याचे दिवस. पणजी म्हणजे परवापरवापर्यंत दुसऱ्याच्या राज्यातलं गाव. ते आपल्या पायांनी गाठायचं, एवढ्यासाठी कमलाकरनं घरच्यांची बोलणी खाल्ली होती.

टोळीत पंप एकच, आणि तो शेवटच्या सायकलीला बांधायचा, असा शिरस्ता. पुढं कुणाचंही चाक बसो, पंप मागून आपोआप येतो. शिरस्ता चांगला होता. फक्त शेवटची सायकल कमलाकरची होती. पेणला तो गणपतीचे साचे बघत राहिला. सव गावी गरम पाण्याच्या कुंडात बोट किती वेळ टिकतं ते बघत राहिला. म्हणून म्होरक्या रघुवीरनं सकाळी चहाची बशी खाली ठेवून सांगितलं होतं, "कमळ्या, आज एकदा जरी रेंगाळलास, तर पोलादपूरला तुझी सायकल एस.टी.च्या टपावर आणि तू आत. थेट मुंबई."

आणि आता रस्त्याकडेच्या शेतात अख्खं गाव गप्प उभं होतं. पालखी सजलेली, ढोल गळ्यात, आणि वाजवत कुणीच नाही. पुढचे पाचजण घंट्या वाजवत निघून गेले. कमलाकरनं एक पाय जमिनीला टेकला. एकच.

"काय झालंय हो बाबा?"

काय झालं होतं?

सांगितलं वरल्या वाडीच्या हैबती म्हाताऱ्यानं. शिमग्याला शेतात नारळ पुरतात, त्याला खूण म्हणायचं. दोघं गडी पालखी खांद्यावर घेऊन नाचतात आणि पालखी त्यांना ओढत त्या नारळावर नेते. गेल्या साली नारळ वरल्या वाडीनं पुरला. पालखी सरळ त्यावर गेली.

"सरळ जाणारच," खालच्या वाडीचा येसाजी मधेच म्हणाला. "आदीच सांगून ठेवल्यावर दगडपन जाईल."

"बघा! ह्ये आसं हाय," हैबती म्हणाला. "यंदा त्यांनी पुरली तर आमी बोलनार. सकाळधरनं कुनी हात लावत नाय. पाव्हणं, तुमी कंच्या वाडीचं?"

"मी? गिरगावातला."

दोन्ही वाड्या पहिल्यांदाच एकमेकींकडे बघून हसल्या. नारळ कमलाकरच्या हातात आला.

"सांगायचं नाय, दाखवायचं नाय," येसाजीनं बजावलं. "आन नारळ निघाल्याबिगर जायचं नाय. नायच निघाला तर तुमीच काडून द्यायचा."

एस.टी.चा टप कमलाकरला अगदी समोर दिसला. पण गावानं तोवर पाठ फिरवली होती. बनुबाई नावाच्या म्हातारीनं तर दोन नातवंडांचे डोळेही झाकले होते.

कुठं पुरला?

आधी फणसाच्या बुडाशी. मग वाटलं, फणस कुणालाही सुचेल. नारळ काढला, पालापाचोळा सारखा केला आणि उघड्या शेताच्या मधोमध गेला. तिथं भाताच्या रोपासाठी भाजून ठेवलेला काळा तुकडा होता. नारळ पुरून वर राख पसरली. चार पावलं मागं येऊन पाहिलं, तर त्याचा त्यालाच सापडेना.

ढोल सुरू झाला. पालखीखाली वरल्या वाडीचा सोनबा आणि खालच्या वाडीचा दत्ताराम. कमलाकर त्यांच्या पायांकडे टक लावून बसला. कोण ढकलतंय? हा? की तो?

"पाव्हणं," येसाजी कानाशी म्हणाला, "तुमचं डोळं लय बोलत्यात."

आता आली का पंचाईत! बघावं तर खूण फुटते, न बघावं तर कळणार कसं? कमलाकरनं डोळे मिटून घेतले.

(त्याला दिसत नाही ते आपल्यालाही दिसायचं नाही.)

ढोल. घुंगरं. धसकटांवर कराकरा पावलं.

सायकलची घंटी.

"कमळ्या! तिकडं चाक बसलंय, पंप तुझ्यापाशी, आणि तू डोळे मिटून काय बसलायस?" रघुवीर.

"पंप घे आणि जा. नारळ निघाल्याशिवाय मला उठता येत नाही."

"पोलादपूरहून गाडी तासाभरात आहे. मी बसवणार हं तुला."

"बसव," कमलाकर म्हणाला, आणि आपण काय बोललो ते ऐकून डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.

पंप सोडल्याचा आवाज. सायकल वळवल्याचा आवाज. पण सायकल निघाल्याचा आवाज आलाच नाही.

"कुठं पुरलायस?" अगदी हळू.

"नाही सांगणार."

पाला चुरचुरला. फणस! ढोल थांबला, कुदळ पडली.

"नाय, नाय हितं!" कुणीतरी ओरडलं.

"हरले," रघुवीर म्हणाला. कमलाकरच्या अंगावर मात्र काटा आला होता. त्या जागी नारळ नव्हता. पण मघाशी होता.

पुन्हा ढोल. पुन्हा कराकरा. आणि मग पावलांचा आवाजच बंद झाला. ढोल चालू, घुंगरं चालू, पाय वाजेनात. राखेवर पाय वाजत नाहीत.

कुदळ पडली.

कोण ओढत होतं?

गावानं आरोळी ठोकली तशी कमलाकरनं डोळे उघडले आणि घामाघूम सोनबाला गाठलं.

"मला वाटलं, ह्यो दत्ताराम वडतोय."

"आन मला वाटलं, सोनबा," दत्ताराम धापा टाकत म्हणाला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

बनुबाईनं कमलाकर आणि रघुवीरच्या हातावर खोबरं ठेवलं. रस्त्याला लागल्यावर रघुवीर सायकल जवळ घेऊन म्हणाला, "पण पालखी आधी फणसाशी का गेली रे? तिथं तर काहीच नव्हतं."

"होतं ना एक."

"काय?"

कमलाकरनं खोबऱ्याचा तुकडा तोडला, सावकाश चावला.

"सांग की लेका! निदान कशेडीचा घाट चढताना तरी."

"पणजीला सांगतो," कमलाकर म्हणाला.