थोरगिलच्या मनगटावरचं घड्याळ

मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे, मित्रांनो. चावीचं. काच तडकलेली, पट्टा तिसरा. पण सिनेमात काम केलंय मी. तीन सेकंद.

माझा मालक ह्याल्टी. कॅनडात विनिपेग सरोवराच्या काठी गिमली गाव आहे, तिथला मासेमार. लग्नात त्याच्या बायकोने, लिल्याने, मला त्याच्या मनगटावर बांधलं. बर्फाला भोक पाडून तो जाळं टाकायचा तेव्हाही मी तिथेच. रोज सकाळी चावी. चांगले दिवस होते.

मग एका मार्चमध्ये वॉरन नावाचा दिग्दर्शक आला. त्याला गोठलेल्या सरोवरावर हजार वर्षांपूर्वीच्या वायकिंगांचा सिनेमा काढायचा होता. ह्याल्टीची दाढी बघून त्याने त्यालाच नायक केलं, थोरगिल. ह्याल्टी हरखला. घरभर लाटणं उगारून संवाद म्हणायचा.

"अहो थोरगिल, आधी कचरा टाकून या," लिल्या म्हणायची. नववा महिना लागलेला, पोट सांभाळत हसायची.

शेवटच्या दिवशी निरोप आला, लिल्याला दवाखान्यात नेलंय. एकच शॉट उरला होता. ह्याल्टीने मला काढलं नाही. केसाळ बाहीखाली लपवलं, सारखा वेळ बघत होता. तलवार उगारली, बाही घसरली, आणि उन्हात माझी काच लखकन चमकली.

"ह्याल्टी, घड्याळ!" वॉरन ओरडला. "पुन्हा घेऊ. तासभर लागेल."

"तासभर? अरे, बायको तिकडे वाट बघतेय. राहू दे ना. कोण बघतंय एवढं?"

वॉरनने डोक्याला हात लावला. "जा बाबा, पळ."

सिनेमा आपटला. पेपरात आलं, यात फक्त घड्याळाचं काम बरं झालंय. माझी तेवढीच स्तुती. त्याच दिवशी ह्याल्टीने मला खणात टाकलं. परत कधी कॅमेऱ्यासमोर गेला नाही. लिल्याला म्हणाला, "पोरीला सांगू नकोस. तिला वाटेल तिच्यामुळे झालं."

खूप वर्षांनी विनिपेगच्या एका थिएटरात तो सिनेमा दर फेब्रुवारीत लागायला लागला. वाईट आहे म्हणूनच! लोक नटाच्या आधी संवाद म्हणतात. ते तीन सेकंद आले की तीनशे माणसं मनगट वर करून ओरडतात, "थोरगिल, किती वाजले?" खरं तर ती माणसं प्रेमानेच येतात. ह्याल्टीला ते कधी पटलं नाही.

सगळ्यात मोठ्याने ओरडायची त्याची मुलगी, सिग्रून. गेल्या वर्षी तिने त्याला ओढतच नेलं. "चल ना पप्पा, जीव टाकतात रे तुझ्यावर!" जाताना त्याने मला खिशात घेतलं. ते तीन सेकंद आले. हशा उसळला. ह्याल्टी उठून बाहेर गेला.

सिग्रून मागे धावली. गाडीत बसल्यावर त्याने मला खिशातून काढलं.

"चारला वीस कमी होते," तो म्हणाला.

"काय?"

"दरवर्षी विचारता ना? चारला वीस कमी. तू यायची होतीस."

ती रडायलाच लागली. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू हसायचीस. छान हसायचीस."

"पुढच्या वर्षी परत येऊ. तूच उत्तर दे त्यांना."

"बघू."

नोव्हेंबरात ह्याल्टी गेला.

या फेब्रुवारीत सिग्रूनने मला मनगटावर बांधलं आणि थिएटरात एकटीच गेली. तीन सेकंद आले. "थोरगिल, किती वाजले?"

ती उभी राहिली. "चारला वीस कमी!" आवाज फाटला तिचा. "माझी आई दवाखान्यात होती. म्हणून पप्पाने पुन्हा शॉट दिला नाही."

पडद्यावर थोरगिल एकटाच ओरडत होता. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "पोचला का गं?"

"पोचला. त्याच्यानंतर सहा मिनिटांनी मी आले."

तीनशे मनगटं पुन्हा वर झाली, हळूहळू. कुणी हसलं नाही. ज्याने बघायला हवं होतं, तोच नव्हता.

मित्रांनो, वाईट सिनेमावर खुशाल हसा. घरात माझ्यासारखं जुनं घड्याळ असेल तर त्याला रोज चावी द्या. आणि ज्याच्या चुकीवर हसताय त्याला एकदा जवळ बसवून विचारा, त्या दिवशी काय झालं होतं.

तो असेपर्यंत विचारा.