हायड्रेंजियावरच्या साड्या

"साड्या कुणी काढल्या?" वसुधानं गॅरेजच्या दारातून विचारलं.

तिच्या जुन्या सुती साड्यांचा बोळा कोपऱ्यात कोंबलेला होता. घरापुढच्या हायड्रेंजियाच्या झुडपांची कोवळी पानं उकडलेल्या पालकासारखी काळी पडून लोंबत होती. मे महिना अर्धा सरला तरी अमेरिकेतल्या या ट्रॉय गावची थंडी अशी उलटते, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच काल फ्रॉस्टचा, रात्री दव गोठण्याचा, इशारा आल्याबरोबर तिनं एकेका झुडपाला साडी पांघरून कडांवर दगड ठेवले होते. जूनअखेर याच अंगणात मुलीचं, ऋताचं, बागेतलं डोहाळजेवण व्हायचं होतं, आणि तिला याच निळ्या फुलांनी सजवायचं वसुधानं कबूल केलं होतं.

ती झोपायला गेल्यावर नवऱ्यानं, गिरीशरावांनी, साड्या ओढून काढल्या होत्या. जन्मभर मोटारींची इंजिनं डिझाइन केलेला हा माणूस, पण शेजाऱ्यांना काय वाटेल या धास्तीनं त्याला अजून घाम फुटायचा.

"फ्रंट यार्डात धोबीघाट मांडला होतास," ते म्हणाले. "लोक बघतात."

"पानं गेली. खालचे कोंब जिवंत आहेत अजून. आता हात लावू नका."

चूक दाखवलेली गिरीशरावांना कधीच खपली नव्हती. त्यांनी हेज ट्रिमर चालू केला. काळ्या पानांबरोबर हिरव्या फांद्याही तुटून उडायला लागल्या. वसुधा आडवी गेली, तिनं एक फांदी मुठीत धरली. त्यांनी मशीन खाली टाकलं आणि दोन्ही हातांनी तिला ढकललं. वाफ्याच्या विटांवर तिचं मनगट आपटलं. हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. ती मातीत पडलेली असताना त्यांनी मशीन पुन्हा उचललं आणि शेवटचं झुडूप जमिनीसपाट केलं. मगच कारची किल्ली आणली.

हॉस्पिटलच्या वाटेत त्यांनी काय सांगायचं ते बजावलं. पाय घसरला म्हणायचं. आजवर ती दर वेळी असंच काहीतरी सांगत आली होती. कधी जिना, कधी बर्फ, कधी बाथटब.

इमर्जन्सीतल्या नर्सनं त्यांना बाहेर थांबायला लावलं आणि वसुधाला विचारलं, "डू यू फील सेफ ॲट होम?"

हा प्रश्न इथे सगळ्यांनाच विचारतात. वसुधानं उत्तरासाठी तोंड उघडलं आणि तिला ऋताचं बाळ त्या घरात रांगताना दिसलं. तिला भयंकर राग आला, गिरीशरावांचा आणि स्वतःचाही.

"नो," ती म्हणाली. मग समोरचीला कळणार नाही हे माहीत असूनही मराठीत म्हणाली, "कधीच नाही वाटलं."

नर्सनं दार लावून घेतलं. मग तिनं एक गरम पांघरूण आणलं, वसुधाच्या गळ्यापर्यंत ओढलं आणि कडा नीट खोचल्या.

दाराबाहेर गिरीशरावांचा आवाज चढत होता. वसुधानं चांगल्या हातानं पांघरुणाची कड घट्ट धरून ठेवली.