झ्लातिनाबाईंनी पिन ओढली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना अग्निशामक सिलिंडर आहे. पोटात सहा किलो पावडर घेऊन काझानलक गावातल्या एका शिवणखोलीच्या दाराशी बारा वर्षं लटकतो आहे. एवढ्या आयुष्यात मी खरं काम केलं ते जेमतेम पंधरा सेकंद. पण त्या पंधरा सेकंदांसाठी ज्यांनी मला जपलं, त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

या खोलीत गुलाबाच्या जत्रेत नाचणाऱ्यांचे पोशाख शिवतात. मालकीण झ्लातिनाबाई साठीच्या, हाताने कसबी आणि बोलायला फटकळ. मी आलो त्याच दिवशी त्यांनी माझ्यावर आपला कोट टांगला. मग इतर बायकांनीही टांगले. महिनोन्‌महिने मला उजेड दिसत नसे.

वर्षातून एकदा मात्र मेतोदीकाका येत. सिलिंडर तपासणं हा त्यांचा धंदा. ते कोट बाजूला करत, दाब दाखवणारा माझा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघत, मला वजनकाट्यावर ठेवत, उलटसुलट करून तळाशी बसलेली पावडर मोकळी करत. मग बायकांना गोळा करून शिकवत. आधी पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी रोखायची, दांडा दाबायचा आणि झाडू मारल्यासारखी नळी फिरवायची. दार कायम पाठीशी हवं. आग हाताबाहेर जाते आहे असं वाटलं, तर सिलिंडर टाकून बाहेर पळायचं.

"काका, आमच्याकडे आग असते ती जिभेवर," झ्लातिनाबाई म्हणत. "तिच्यावर काही औषध आहे का?"

"तिथे तुमच्या नवऱ्याने हात टेकले, बाई. मी कोण?"

एका वर्षी काकांनी समोरच्या भिंतीवर स्वतः खुंट्या ठोकल्या आणि सगळे कोट तिकडे हलवले. तेव्हापासून मी मोकळा झालो.

जत्रेला आठवडा उरला होता. दुपारी बाकीच्या बायका जेवायला गेल्या होत्या. आतल्या खोलीत दोना नावाच्या ऐंशीच्या आजी भरतकाम करत होत्या. त्यांना ऐकू येत नाही, काठीशिवाय चालवत नाही, आणि बाहेर पडायची वाट आमच्याच खोलीतून. झ्लातिनाबाई फोनवर बोलत राहिल्या आणि गरम इस्त्री कापडावर तशीच राहिली. त्या वळल्या तोवर टेबलावरच्या पोशाखांच्या ढिगाने पेट घेतला होता.

त्यांचा हात आधी पाण्याच्या घागरीकडे गेला, पण इस्त्रीची वायर बघून थबकला. त्यांनी दाराजवळचा मेन स्विच बंद केला आणि मला उचललं.  त्यांनी दांडा दाबला, पण मी गप्प.

"आधी पिन, झ्लातिना," त्या स्वतःलाच म्हणाल्या. "आधी पिन."

पिन निघाली. दार पाठीशी घेऊन त्या आगीपासून दोन-तीन पावलं दूर उभ्या राहिल्या. माझा पहिला फवारा ज्वाळांच्या शेंड्यांवर वाया गेला. मग त्यांनी नळी खाली केली, ढिगाच्या बुडाशी, आणि डावीउजवीकडे फिरवत राहिल्या. खोली पांढऱ्या धुराळ्याने भरली. आग बसली. तरी त्यांनी तिच्याकडे पाठ केली नाही. ढिगावर नजर ठेवूनच त्या आत गेल्या, आजींच्या तोंडाला रुमाल लावला आणि हाताला धरून त्यांना अंगणात आणलं. मगच अग्निशमन दलाला फोन केला.

"अगं, एवढं पीठ कुणी सांडलं?" आजींनी विचारलं. झ्लातिनाबाई आजींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

सोळा पोशाख जळाले. जवानांनी ढीग उपसून आतली धग विझवली. दुसऱ्या दिवशी मेतोदीकाका मला न्यायला आले. एकदा दाबलेला सिलिंडर पुन्हा भरल्याशिवाय टांगायचा नसतो.

"दरवर्षी तेच तेच सांगून कंटाळला नाहीत, काका," झ्लातिनाबाई हळूच म्हणाल्या. "फार बरं झालं."

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझा एखादा भाऊ टांगलेला असेल. त्याच्यासमोर काही रचून ठेवलं असेल, तर मोठ्यांना हलवायला सांगा. त्याचा काटा हिरव्या पट्ट्याबाहेर दिसला, तर तेही सांगा. आग दिसली तर मात्र ओरडा आणि बाहेर पळा, कारण आम्हाला उचलणं हे शिकलेल्या मोठ्या माणसांचं काम आहे. आम्ही वर्षानुवर्षं काहीच करत नाही, म्हणून लोक आम्हाला विसरतात. आमची इच्छाही तीच आहे, की आम्हाला कधीच काही करावं लागू नये. फक्त तोवर आम्हाला तयार ठेवा.