काठावर पास

“आई, इकडे बघ,” पराग म्हणाला आणि त्याने जीभ चावली. “म्हणजे, इकडे तोंड कर.”

रजनीताईंनी तोंड त्याच्याकडे केलं. चेहऱ्याच्या जागी एक धुरकट डाग होता आणि डागाभोवती त्याचे कान, खांदे, मागच्या खिडकीची जाळी. वर्षभरात त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडा तेवढ्या शाबूत होत्या.

“हा बघ माझ्या फोनचा फोटो. आणि हा मानसीच्या फोनचा. जमीन-आसमानाचा फरक आहे!”

“दादा, तुझ्या फोनने आईचं वय कमी केलंय,” मानसी म्हणाली. “सुरकुत्या कुठे गेल्या तिच्या? माझा निदान आहे तसं दाखवतो.”

“तुझा फोन दाखवतो कुठे? बिचारा अंदाज लावतो.”

“हो का? आणि बॅटरी? तुझा तर दुपारपासून चार्जरला लटकून राहिलाय.”

भावाबहिणींचं हे भांडण दोन वर्षं जुनं होतं. पराग इंदूरला, मानसी देवासला. प्रत्येकाची फोनची कंपनी ठरलेली, आणि सणावाराला भेटले की आधी फोन ताटाशेजारी यायचे, मग पोळ्या. आज मात्र भांडण करमणुकीचं नव्हतं. दोघांनी आईसाठी आपापल्या कंपनीचा एकेक कोरा फोन आणला होता, आणि त्यातला कुठला चालतो यावर आई उज्जैनला राहणार की नाही, हे ठरायचं होतं.

फ्रीगंजच्या या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, रजनीताई नवऱ्याच्या बँकेच्या बदलीबरोबर आल्या आणि इथल्याच झाल्या. घरात मराठी, शाळेत हिंदी. प्राथमिकच्या मुलांना त्यांनी निवृत्त होईपर्यंत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर घरच्या सतरंजीवर शिकवलं. डोळे अधू झाले तेव्हा परागने इंदूरला खोली रंगवून घेतली. “दिवाळीनंतर चल आता. वही दिसत नाही तर शिकवणार कशी?”

“फोन वाचून दाखवेल,” त्या म्हणाल्या होत्या. “नाही दाखवलं तर येईन तुझ्या खोलीत. मग एक शब्द बोलणार नाही.”

पराग लगेच कबूल झाला होता.

“आणि आई, यात अजून एक आहे,” तो आता सांगत होता. “तू कुठे आहेस ते मला इंदूरला बसून दिसेल. भाजी आणायला गेलीस, राम घाटावर गेलीस, सगळं.”

“मलाच दिसत नाही मी कुठे चालले ते, आणि तुला दिसणार?”

“तुझ्या सेफ्टीसाठी गं.”

“ते राहू दे. तुम्ही दोघं कधीपासून कॅमेरा आणि बॅटरी घेऊन बसलात. मला फोटो काढायचे नाहीत. दोघांची परीक्षा घेऊ. पेपर मी काढते.” त्यांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली. “इशिता! आ गई क्या?”

“आ गई, मॅडमजी!” चपला काढल्याचा आवाज आला. इशिता भैरवगढच्या एका कापड-छपाईवाल्याची मुलगी, तिसरीतली. तिच्या अंगाला कपड्यांच्या रंगाचा वास असायचा. त्या वासावरूनच रजनीताई तिला ओळखायच्या.

“कल का घटाना लाई है? दे कॉपी इधर.”

पहिली पाळी परागने आणलेल्या फोनची. त्याने तो वहीवर धरला. फोन क्षणभरही थांबला नाही. गोड, स्वच्छ बाईच्या आवाजात म्हणाला, “बावन में से अट्ठाईस घटाने पर उत्तर आता है चौबीस. क्या मैं इसका तरीका समझाऊँ?”

“वा!” परागने टाळीच वाजवली. “बघितलंस? नुसतं वाचलं नाही, सोडवून दिलं! समजावतो पण म्हणतोय!”

“इशिताने काय लिहिलंय?” रजनीताईंनी विचारलं.

“चोवीस ना. बोलला की आत्ता.”

“ते फोनचं उत्तर. मुलीचं काय आहे?”

परागने वहीत डोकावून पाहिलं. “हिचं चुकलंय. ते सोड ना आई, बरोबर उत्तर मिळालं ना? मतलब, आता मुलांनी वही समोर धरायची आणि फोनलाच विचारायचं. शिकवायला माणूसच...”

तो थांबला. पण वाक्य कुठे चाललं होतं ते सगळ्यांना कळलं होतं. मानसीने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. रजनीताईंनी पदर खांद्यावर नीट घेतला.

“पुढचा परीक्षार्थी,” त्या म्हणाल्या.

मानसीचा फोन वहीवर आला. तो आधी थोडा घुटमळला. मग स्टेशनावर गाडी लेट असल्याचं सांगणाऱ्या आवाजात एकेक आकडा सुटा सुटा बोलू लागला. “पाँच. दो. घटाओ. दो. आठ. बराबर. तीन. छह.”

“ए देवा,” पराग हसला. “हा तर ढ आहे.”

“छत्तीस!” रजनीताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा एकदम उजळला, जुनी ओळखीची बाई रस्त्यात भेटावी तसा. “छत्तीस लिहिलंय होय! इशिता, इधर बैठ. ऊपर दो है, नीचे आठ. तूने आठ में से दो निकाल दिए ना?”

“हाँ,” इशिता म्हणाली. “दो तो छोटा है. छोटे में से बड़ा कैसे निकलेगा, मॅडमजी?”

“बिल्कुल ठीक पूछा. नहीं निकलता.”

त्यांनी हात लांब करून खिडकीखालचा पत्र्याचा डबा ओढला. त्यात जळून उरलेल्या अगरबत्तीच्या काड्या होत्या. रोजच्या पूजेतल्या, शेजारपाजारच्या, जिथून मिळतील तिथून जमवलेल्या. दहा-दहाच्या जुड्या दोऱ्याने बांधलेल्या, बाकी सुट्या. कित्येक मुलं या काड्यांवर वजाबाकी शिकून गेली होती. परागही.

“बावन गिनके रख.”

इशिताने पाच जुड्या आणि दोन काड्या मांडल्या. रजनीताईंनी त्यावरून बोटं फिरवली आणि मान हलवली.

“अब मुझे आठ काड़ी दे. खुली.”

“दो ही तो हैं.”

“तो बाकी कहाँ से लाएगी? सोच. मैं कहीं नहीं जा रही.”

पराग हळू आवाजात मानसीला म्हणाला, “ती उत्तर सांगायची सेटिंग कुठेतरी बंद करता येत असेल,” आणि फोनमध्ये डोकं खुपसून राहिला. इशिता काड्यांकडे बघत बसली. तिने एक जुडी उचलली, ठेवली. पुन्हा उचलली.

“मॅडमजी, गठरी खोल सकते हैं?”

“तेरी गठरी है. मुझसे क्या पूछती है?”

दोरा सुटल्याचा आवाज रजनीताईंनी ऐकला. काड्या सतरंजीवर पसरल्या. मग इशिताने आठ मोजल्या, दोन जुड्या बाजूला सारल्या आणि उरलेलं मोजता मोजता तिचा आवाज चढत गेला. “चौबीस! मॅडमजी, चौबीस!”

“मिळालं उत्तर,” रजनीताई परागच्या दिशेने म्हणाल्या. “तुझ्या फोनला आधीच येत होतं. पण त्याला येऊन काय करायचं, सांग? तो मुलीची चूक झाकून मला बरोबर उत्तर सांगतो. चूकच दिसली नाही तर मी शिकवू काय?”

“मी बोलली होती!” मानसी म्हणाली.

“तू गप. तुझा काही पहिला नंबर नाही आला. रेल्वेसारखा बोलतो. काठावर पास आहे. पण मुलीने लिहिलं तेच बोलला. हा ठेवते.”

“आई, फोनचं ठीक आहे गं,” परागचा आवाज खाली आला होता. “पण एकटी जिन्यात पडलीस तर?”

“पडले तर ओरडेन. खाली गुप्ताजी आहेत, समोर दवाखाना आहे. इंदूरच्या खोलीत पण माणूस पडतो, पराग.”

“जिद्द करून राहिली आहेस तू.”

“करते आहे. परीक्षा तुला कबूल होती. निकाल लागला.”

पराग काही वेळ हातातल्या फोनशी चाळा करत राहिला. मग त्याने तो परत त्याच्या खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं.

इशिताने वहीत खोडून नवं उत्तर लिहिलं आणि वही पुढे ठेवली. “मॅडमजी, सही का निशान.”

मानसीचा फोन आपल्या रडक्या आवाजात बोलला, “दो. चार.” रजनीताईंनी लाल पेन उचललं, मान थोडी तिरकी केली आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने ऐटदार, लांब खूण ओढली. ती कागदाच्या कडेवरून घसरून सतरंजीवर उतरली.

परागने ते पाहिलं. तो बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात इशिताने वही अलगद उचलली आणि पेनाच्या टोकाखाली सरकवून दोन्ही हातांनी धरून ठेवली.

“एक और दीजिए, मॅडमजी,” ती म्हणाली. “नीचेवाला भी सही है.”