माझ्या अंगाला चिकटलेलं औषध

मित्रांनो, मी एक जुना स्पेसर आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका. मी म्हणजे प्लास्टिकची पोकळ, पारदर्शक नळी. माझ्या एका टोकाला औषधाचा पंप बसतो आणि दुसऱ्या टोकाला इवलासा मास्क. तान्ह्या बाळाला "श्वास ओढ" असं कोण सांगणार? म्हणून पंपाचा फवारा मी पोटात धरून ठेवतो आणि बाळ आपल्या चालीनं तो ओढून घेतं.

औषधाच्या दुकानात महिनाभर धूळ खाल्ल्यावर मी पिटुकलीच्या घरी आलो. ती आठ महिन्यांची. सर्दी झाली की तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. तिचे बाबा चष्म्याच्या दुकानात कामाला. भिंगावर बोटाचा ठसा दिसला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा! मलाही ते साबणाच्या पाण्यात धुवायचे आणि दुकानातल्या मऊ फडक्यानं आतून-बाहेरून घासून पुसायचे.

"बघ, कसा काचेसारखा दिसतोय!" ते पिटुकलीच्या आईला दाखवायचे. मी हुरळून जायचो. कौतुक कुणाला नको असतं?

मग एका दुपारी पिटुकलीला धाप लागली. बरगड्यांखालची कातडी आत खेचली जात होती, नाकपुड्या फुलत होत्या. दूध ती तोंडाला लावेना. आईनं तिला मांडीवर घेऊन मास्क चेहऱ्यावर नीट धरला. बाबांनी पंप हलवून दाबला. पिटुकलीनं पाच-सहा श्वास घेतले. बाबांनी पुन्हा हलवला, पुन्हा दाबला.

"उतरतंय का गं?"

"नाही हो! उलट वाढतंय! अहो, काहीतरी करा ना!"

आणि मला कळून चुकलं. औषध तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं. ते माझ्याच अंगाला चिकटून बसलं होतं. सूट ना रे मेल्या औषधा, सूट, असं मी आतल्या आत ओरडत होतो. पण मला कुठलं तोंड? पिटुकलीचे ओठ निळसर दिसू लागले. बाबांनी मला पिशवीत कोंबलं आणि दोघं तिला घेऊन दवाखान्यात धावले.

तिथे तिला ऑक्सिजन लावला, औषधं सुरू केली. सिस्टरनी मला उजेडात धरलं.

"हा पुसता का हो तुम्ही?"

"रोज पुसतो, सिस्टर. एक डाग सापडायचा नाही."

"तिथंच चुकलं. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना? तसा हा पुसल्यावर औषध ओढून धरतो. धुवायचा आणि तसाच वाळू द्यायचा."

बाबा मटकन बाकावर बसले. "म्हणजे माझ्याच हातानं..." मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पिटुकली तीन दिवसांनी घरी आली. आता माझ्या अंगावर पाण्याचे डाग आहेत. बाबा मला धुतात, ओट्यावर ठेवतात आणि शिवशिवणारे हात पाठीमागे धरून उभे राहतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर पाया पडतो, त्याला पुसून चमकवू नका. आणि बाळाला उतार पडत नसेल तर घरात थांबू नका, दवाखाना गाठा. पंप दाबला की माझा अजून थरकाप होतो. देवा, माझ्यापाशी कणभरही राहू नये, सगळं तिला मिळू दे.