मुकीचं तळं

त्याला सगळे रेडिओ म्हणत. डोंगरावरच्या तळ्यापर्यंत हौशी लोकांना घेऊन जाणं हा त्याचा धंदा, आणि पाठीवरचं ओझं त्यांना जाणवू नये म्हणून तोंडाचा पट्टा चालू ठेवणं हा त्याचा हातखंडा. देवाने त्याच्या आत्याला वाचा दिलीच नव्हती. तिच्या वाटणीचीही बहुधा त्याच्याच पदरात घातली होती.

आत्या तळ्याकाठी एकटी मेंढ्या राखायची. तिलाच त्याने गोष्टीत घातलं होतं. तळ्यात एक मुकी बाई राहते आणि पाण्यावर वाकलेल्या माणसाला केसांना धरून आत ओढते, अशी ती गोष्ट. लोक ऐकून गारठायचे आणि परतल्यावर आपल्या मित्रांना धाडायचे. सात वर्षांत तळ्याचं नावच मुकीचं तळं पडलं. रेडिओ एक काळजी मात्र घ्यायचा. माणसं पलीकडच्या काठाने न्यायची, आत्याच्या खोपटाकडे फिरकू द्यायची नाहीत.

त्या दुपारी गारांनी असं झोडपलं की दुसरा आसराच उरला नाही. दातांची डॉक्टरीण, तिचा नवरा आणि रेडिओ, तिघं निथळत आत्याच्या दारात उभे राहिले. आत्याने चुलीपाशी जागा करून दिली, त्यांचे ओले मोजे दोरीवर टाकले आणि बटाट्याचं सूप उकळायला ठेवलं.

ऊब लागताच डॉक्टरीणबाई खुलल्या. "मावशी, तुम्ही तर इथल्याच. ती मुकी कधी दिसली का हो?"

आत्या नुसती बघत राहिली. बाईंना वाटलं, ऐकू कमी येत असेल. म्हणून त्यांनी आवाज चढवून अख्खी गोष्ट सांगितली, केसांसकट. आत्याला बोलता येत नव्हतं, पण ऐकू अगदी स्वच्छ येत होतं. रेडिओने सूप ढवळायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

गोष्ट संपली तसे आत्याचे हात हलले. हातांची ती भाषा जगात एकट्या रेडिओला कळायची. तिच्याच मांडीवर बसून तो ती शिकला होता.

"काय म्हणाल्या?" बाईंनी त्याला विचारलं.

"म्हणते, छान आहे गोष्ट."

बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं, तिच्या तोंडी घातलेलं खोटं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलंय. आत्या रागावली नाही. हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसली. बाजारात, दवाखान्यात, आजवर ती बोलली ती त्याच्याच जिभेने. तिथे ह्याने काय काय बदललं असेल, हेच ती मनात चाचपून बघत असणार. रेडिओची कानशिलं तापली. चुलीत तोंड घालावं, असं त्याला झालं.

"नाही, खोटं बोललो," तो म्हणाला. "ती म्हणाली, केसांना धरून ओढलं होतं हे खरं. पण वर ओढलं होतं. सहा वर्षांचं पोर बुडत होतं." त्याने आत्याकडे पाहिलं. "ते पोर मी."

नवऱ्याने सुपासाठी घेतलेला वाडगा खाली ठेवला. "मग मुकीचं तळं हे नाव?"

"मीच पाडलं."

आत्याचे हात पुन्हा हलले, सावकाश. या खेपेला अर्थ कुणीच विचारला नाही. डॉक्टरीणबाई खाली मान घालून बसल्या होत्या. गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पण रेडिओने ते मोठ्याने सांगितलं.

"विचारते, माझ्याबद्दल आणखी काय काय सांगितलंस?"

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला, शब्दाशब्दाला अडखळत.