माशांच्या पिलांचा खाऊ

भिगवणजवळचं धरणाचं पाणी मी शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. त्यात वळवळणारे बारीक जीव दिसले. घरी येऊन छातीठोक सांगितलं, "आबा, हा तर माशांच्या पिलांचा खाऊ!"

आबांनी बादलीभर पाणी आणून माशांची पिलं सोडलेल्या आमच्या शेततळ्यात ओतलं. "आमची छकुली मास्तरीण झाली!"

महिन्याभरात ते जीव तळंभर झाले. पण नीट बघितलं तर त्यांच्या शेपट्या लांब, काटेरी. पिलांना ते गिळताच येईनात. उलट पिलांचं नेहमीचं खाणं त्यांनीच फस्त केलं. आज सगळी पिलं मरून तरंगत होती.

"खाऊ कमी पडला व्हय गं? अजून आणू?" आबांनी विचारलं.

"न्हाय आबा. माझ्या खाऊनंच मारली."

आबा खाली बसले. "तुझं ऐकून शेजारच्या रावजीतात्यानं परवाच आपल्या तळ्यातनं दोन बादल्या नेल्यात, त्याच्या तळ्यातल्या पिलांना."